अंड्याच्या पांढऱ्यातून लायसोझाइम, कॉलमशिवाय: प्रकल्प नोंदी

१ जुलै २०२४, सोमवार

प्रकल्पाला आज मुहूर्त लागला, तोही अडचणीतून. आयन-एक्स्चेंजचं रेझिन (कॉलममध्ये भरायचे दाणे, विद्युतभारावरून प्रथिनं वेगळी करणारे) मे महिन्यात मागवलंय, अजून आलेलं नाही. पुरवठादार फोनवर रोज "परवा नक्की" म्हणतो. मॅडम म्हणाल्या, रेझिनची वाट बघत सेमिस्टर घालवू नका. अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम (जीवाणूंची पेशीभित्ती फोडणारं एन्झाइम) कॉलमशिवायही वेगळं होतं, थेट स्फटिक पाडून. अल्डर्टन आणि फेवोल्ड यांनी १९४६ साली ही पद्धत छापली. पांढऱ्यात पाच टक्के मीठ घालायचं, पीएच ९.५ ला न्यायचा, लायसोझाइमचे थोडे स्फटिक सोडायचे आणि ४ अंशांवर तीन-चार दिवस ठेवायचं.

मला हे आधी पटलंच नाही. पांढऱ्यातल्या एकूण प्रथिनांत लायसोझाइम असतं साडेतीन टक्क्यांच्या आसपास, निम्म्याहून जास्त ओव्हाल्ब्युमिन. एवढ्या गर्दीतून नेमकं तेच कसं बाहेर पडेल? मग विद्युतभाराचा हिशोब मांडला. ओव्हाल्ब्युमिनचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला प्रथिनावरचा एकूण भार शून्य होतो) पीएच ४.५ च्या आसपास, लायसोझाइमचा जवळपास ११. म्हणजे ९.५ ला पांढऱ्यातली बहुतेक प्रथिनं ऋणभारित, एकमेकांना ढकलत मजेत विरघळलेली. लायसोझाइमवरचा धनभार मात्र उतरत आलेला. त्यात मीठ आणि थंडी, दोन्ही त्याची विद्राव्यता पाडणारी. पाण्यात राहणं फक्त त्यालाच जड जातं.

आतापर्यंत स्फटिक म्हटलं की क्ष-किरणं आणि संरचना एवढंच डोक्यात यायचं. स्फटिक पाडणं ही मुळात शुद्ध करायची रीत आहे, हे दोन वर्षं बायोकेमिस्ट्री शिकून आज कळलं.

३ जुलै, बुधवार

अंडी फोडण्याआधी तयार लायसोझाइमवर हात बसवून घेतला. पीएच ४.६ च्या ॲसिटेट बफरमध्ये मिलीलिटरला ५० मिलीग्रॅम पावडर विरघळवली, त्यात तेवढंच १० टक्के मिठाचं पाणी घातलं. एक नळी फ्रिजमध्ये, एक टेबलावर. एक थेंब स्लाइडवर ठेवून पार्टनरने ती स्लाइड एसीच्या खोलीत नेली, "तिथे छान थंड आहे" म्हणून.

४ जुलै, गुरुवार

सकाळी पार्टनर ओरडतच आली. स्लाइडवर स्फटिक! मायक्रोस्कोपखाली काटकोनी, चकचकीत, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखे चौकोन. तिने फोटो काढून ग्रुपवर टाकलासुद्धा. मॅडमनी बघितलं, काही न बोलता टाचणी दिली आणि म्हणाल्या, "दाबून बघ."

दाबलं. कट्ट. बोटाला जाणवेल इतका कडक. ते मीठ होतं. एसीची हवा कोरडी, थेंब रात्रीत सुकला आणि मीठ वर आलं. मग फ्रिजमधल्या नळीतला एक थेंब घेतला. त्यातही चमचमणारे दाणे, आकाराने बारीक. टाचणी टेकवली तर आवाज नाही, ओल्या पेढ्यासारखा चुरा झाला. मिथिलीन ब्लूचा एक टिपका सोडला, दहा मिनिटांत दाणे निळे. मिठाच्या चौकोनांवर तोच रंग टाकला तर ते कोरडे ठाक. प्रथिनाच्या स्फटिकात पाण्याने भरलेल्या वाटा असतात, लायसोझाइमच्या नेहमीच्या स्फटिकात तर जवळजवळ ४० टक्के पाणीच. रंगाचे रेणू त्या वाटांनी आत शिरतात. मिठात शिरायला जागाच नाही.

थोडा वेळ झाकण न ठेवता बघत बसलो तर प्रथिनाचे दाणे डोळ्यांदेखत तडकले. पाणी गेलं की रचना ढासळते. १९३४ मध्ये बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट (पुढे हॉजकिन) यांनी पेप्सिनचा स्फटिक त्याच्याच द्रवात ओला ठेवून क्ष-किरणांखाली धरला, तेव्हा पहिल्यांदा नीट ठिपके मिळाले. वाचलं होतं, आज तडे बघितल्यावर कळलं.

ग्रुपवरचा मिठाचा फोटो पार्टनरने अजून काढलेला नाही. "राहू दे, कोणाला कळतंय," म्हणते.

६ जुलै, शनिवार

टेबलावरच्या नळीत (खोली ३० अंश) आत्ता कुठे चार-पाच स्फटिक दिसले. फ्रिजमधल्यांसारखे बुटके नाहीत, लांबट काड्या. २५ अंशांच्या वर लायसोझाइम वेगळ्या ठेवणीत स्फटिक बनवतं. तेच प्रथिन, तेच मीठ, फक्त मुंबईचा उकाडा जास्तीचा.

पुढच्या आठवड्यासाठी १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड करायला घेतलं. बाटली उघडून गोळ्या काट्यावर ठेवल्या, ४.१२ ग्रॅम. वजन लिहीपर्यंत ४.१५. वॉचग्लासवर गोळ्यांना घाम फुटला होता, दोन तर एकमेकींना चिकटल्या. जुलैच्या हवेत हे वजन खरं मानण्यात अर्थ नाही. अंदाजे द्रावण केलं आणि ऑक्झॅलिक आम्लाशी टायट्रेट करून खरी तीव्रता काढली. ०.९१ आली.

तयार पावडरचंच द्रावण ५ टक्के मिठात ९.५ ला नेऊन फ्रिजमध्ये ठेवलं, 'सीड' बनवायला. लॅबचे मामा बाटल्या धूत होते. हे कशाला म्हणून त्यांनी विचारलं. आम्ही सांगितलं, तयार स्फटिकाचा कण दिला की बाकीचे रेणू त्यावर बसतात, नाहीतर पहिला कण कोणी बनवायचा यातच दिवस जातात. मामा म्हणाले, "म्हणजे विरजणच की." तेव्हापासून सीड हा शब्द आमच्या वहीतून गेला.

८ जुलै, सोमवार

रात्री एकपासून सकाळी सातपर्यंत शहरात काही ठिकाणी ३०० मिलीमीटरवर पाऊस. लोकल ठप्प. मी कळव्यात, पार्टनर डोंबिवलीत. अंडी आज आणायची होती.

घरी बसून जेम्स सम्नरबद्दल वाचलं. कॉर्नेलमध्ये नऊ वर्षं खपून त्याने १९२६ मध्ये जॅक बीनच्या पिठातून युरिएझचे स्फटिक काढले. स्फटिकरूपात मिळालेलं हे पहिलं एन्झाइम. जॅक बीन म्हणजे आपल्या अबईच्या शेंगेची चुलत बहीण. शिकारीच्या अपघातात सम्नरचा डावा हात सतराव्या वर्षीच गेलेला, तोही डावखुऱ्या माणसाचा. प्रयोगशाळेत बर्फाची पेटी नाही, म्हणून नळकांडी रात्री खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून थंडी पडायची वाट बघायचा. आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर जुलैत ठेवलं तर सकाळी पावसाचं पाणी आणि कबुतरं मिळतील.

शेवटी त्याचं काम झालं ते साध्या ३० टक्के ॲसिटोनने. पीठ त्यात कालवलं, गाळलं आणि गाळलेला द्रव रात्रभर थंडीत ठेवला. सकाळी थेंबभर मायक्रोस्कोपखाली धरला तर स्फटिक. ते विरघळवले तर युरिया फोडण्याची ताकद भरपूर. एन्झाइम हे प्रथिनच, असं तो म्हणाला, आणि जर्मनीतल्या विल्श्टेटरच्या गटाने वर्षानुवर्षं मानलं नाही. त्यांचं म्हणणं, प्रथिन नुसतं वाहक आहे, खरं एन्झाइम त्याला चिकटलेलं दुसरंच काही. त्यांचं सगळंच चुकीचं होतं असं मला वाटत नाही. स्फटिक दिसला म्हणजे आत फक्त तेच आहे, हे सिद्ध कुठे होतं? पुढे नॉर्थ्रोपने १९३० मध्ये पेप्सिनचे स्फटिक काढले, ते पुन्हापुन्हा विरघळवून पाडले आणि दरवेळी क्रिया तेवढीच राहते हे दाखवलं, तेव्हा लोक वळले. नोबेल मिळायला १९४६ उजाडलं.

म्हणजे आम्हालाही एकदा पाडून भागणार नाही. परत परत पाडायचं आणि दरवेळी मोजायचं.

९ जुलै, मंगळवार

बारा अंडी. ती घरीच फोडली, कारण लॅबमध्ये फोडली तर बलक फेकावा लागतो आणि आईला ते सहन होत नाही. पांढरं साडेतीनशे मिलीलिटरच्या वर भरलं. बर्फात बाटली, बाटली पिशवीत, पिशवी मांडीवर, अशी ७.५२ ची स्लो.

मलमलीतून गाळलं. जाड, शेंबडासारखा ओव्होम्युसिनचा भाग कापडावर राहतो, पिळायचा नाही. पीएच ८.९. अंडं जितकं शिळं तितका पीएच वर, कारण कवचातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो. ताज्याचा ७.६ च्या आसपास असतो. म्हणजे दुकानदाराचं "कालचीच आहेत" हे काही खरं नाही.

शंभर मिलीलिटर वेगळं काढून त्यात मीठ घातलं (प्रयोगशाळेचं, स्वयंपाकाचं नाही) आणि हायड्रॉक्साइड घालायला घेतलं. इथे माती खाल्ली. पीएच मीटर ९.१ वर अडकलाय असं वाटून मी पिपेटने एकदम दोन मिलीलिटर सोडलं. जिथे पडलं तिथे पांढऱ्याचा काचेसारखा गोळा झाला. स्टररची कांडी त्यात अडकून थडथडायला लागली. तीव्र अल्कलीत पांढरं न शिजवताच जेली होतं, वाचून माहीत होतं. शंभर मिलीलिटर गेलं. पार्टनर काही बोलली नाही, बीकर उचलून मामांना दाखवायला घेऊन गेली.

१० जुलै, बुधवार

आणखी चार अंडी आणून भर घातली, आता ३६० मिलीलिटर. आज रीत बदलली. हायड्रॉक्साइड पाचपट पातळ केलं, बीकर बर्फात, आणि थेंब थेट मध्ये न टाकता कांडीच्या कडेला. स्टरर इतका हळू की वर फेस येऊ नये. फेसाच्या बुडबुड्यावर प्रथिन पसरतं आणि उलगडून वाया जातं. ९.५ गाठायला पन्नास मिनिटं लागली.

दोन बाटल्या, प्रत्येकी १८०. 'अ' मध्ये विरजण, 'ब' मध्ये नाही. बाय्युरेटने (प्रथिन मोजायची रंगाची चाचणी) एकूण प्रथिन मिलीलिटरला ९८ मिलीग्रॅम. म्हणजे एका बाटलीत साडेसतरा ग्रॅमच्या आसपास प्रथिन आणि त्यात लायसोझाइम फार तर ६२० मिलीग्रॅम.

११ ते १३ जुलै

काही नाही. दिवसातून दोनदा बाटल्या हलक्या हाताने कलत्या करतो. शुक्रवारी कोणीतरी आपला डबा ठेवायला 'अ' बाटली फ्रिजच्या दारात सरकवली होती, तिथे ८ अंश. परत आत ठेवली, चिठ्ठी लावली.

१५ जुलै, सोमवार

'अ' च्या तळाशी रेशमी पांढरा थर. बाटली कलती केली की उजेडात झगमगतो, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा. नुसता गाळ असता तर दुधासारखा मळकट दिसला असता. मायक्रोस्कोपखाली एकसारखे बारीक दाणे. टाचणी: चुरा. मिथिलीन ब्लू: निळे. 'ब' मध्ये अजूनही फक्त अंड्याचं पांढरं.

१६ जुलै, मंगळवार

'अ' थंड सेंट्रिफ्यूजमध्ये कमी वेगाने फिरवली. वरचं दाट पांढरं ओतून काढलं. स्फटिक बर्फगार ५ टक्के मिठाच्या पाण्याने (तेही ९.५ चं) दोनदा धुतले. साध्या पाण्याने धुवायचे नाहीत, विरघळून हातात काहीच राहत नाही. मग सौम्य ॲसेटिक आम्लात, पीएच ४.६ ला, विरघळवले. द्रावण गढूळ. जोरात फिरवल्यावर तळाला राखाडी चिकट गोळी बसली, ती टाकली. वरचं ४० मिलीलिटर अगदी नितळ.

पन्नासपट पातळ करून २८० नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण मोजलं, ०.५४. लायसोझाइमचं मिलीलिटरला एक मिलीग्रॅम २.६४ वाचन देतं, त्यावरून एकूण ४०९ मिलीग्रॅम. सगळं लायसोझाइमच आहे असं धरून. तेच तर तपासायचंय.

पार्टनरला धीर नव्हता. उद्या सुट्टी, परवापर्यंत कोण थांबणार! चार मिलीलिटर बाजूला काढून तिने त्यात मीठ एकदम दहा टक्क्यांपर्यंत नेलं आणि नळी बर्फात खुपसली. दहा मिनिटांत नळी दुधाळ. "बघ, झालं!" उरलेल्या ३६ मध्ये मी मीठ पाच टक्क्यांपर्यंत थोडं थोडं करत नेलं, विरजण लावलं, फ्रिजमध्ये ठेवलं. दोन्ही जपून ठेवू, जेल (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पट्ट्यांत दाखवणारं) काय म्हणतं बघू.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. घरी साबुदाणा. आईने अंड्यांचा विषयही काढू दिला नाही.

१९ जुलै, शुक्रवार

३६ मिलीलिटरवाल्या नळीत स्फटिक, या वेळी चांगले टपोरे, नुसत्या डोळ्यांनी कण मोजता येतील असे. काढले, धुतले, १५ मिलीलिटरमध्ये विरघळवले. या वेळी गढूळपणा नाही. शंभरपट पातळ करून ०.४७५, म्हणजे २७० मिलीग्रॅम. ३६८ घातले होते. शंभरेक मिलीग्रॅम वरच्या द्रवात आणि धुण्यात गेले. स्फटिकांची ही किंमत आहे, संपृक्ततेइतकं प्रथिन द्रवात राहतंच.

२३ जुलै, मंगळवार

१५ टक्क्यांचं जेल. मॅडमनी मुद्दाम नमुने जास्त भरायला लावले. कमी भरलं की सगळंच शुद्ध दिसतं.

कच्चं पांढरं: ४५ ला (आकडे किलोडाल्टनमध्ये, म्हणजे रेणूचं वजन) ओव्हाल्ब्युमिनचा जाड पट्टा, वर ७६ च्या आसपास ओव्होट्रान्सफेरिन, खाली १४ ला लायसोझाइमची बारीक रेघ. पहिले स्फटिक: १४ चा पट्टा जाड, ४५ आणि ७६ ला अजूनही फिकट सावल्या. दुसऱ्यांदा पाडलेले: फक्त १४. दिव्यावर धरून, डोळे बारीक करून बघितलं, ४५ ला काही नाही.

आणि पार्टनरची दहा मिनिटांची नळी: जवळजवळ पहिल्या स्फटिकांसारखीच. सावल्या होत्या तशाच.

मला प्रकल्पात सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. मीठ तेच, प्रथिन तेच, पीएच तोच. घाईत जे खाली बसलं त्याने जवळ असेल त्याला धरून खाली ओढलं. सावकाश वाढणाऱ्या स्फटिकावर मात्र परका रेणू येऊन टेकला तरी जागेत नीट बसत नाही, सुटून परत द्रवात जातो, आणि त्या जागी बरोबर बसणारा येतो. या सोडण्या-धरण्याला वेळ द्यावा लागतो. पार्टनर जेल बघून एवढंच म्हणाली, "बरं."

२५ जुलै, गुरुवार

पुन्हा पाऊस. ॲक्टिव्हिटी आज मोजायची होती, रद्द. मॅडमचा मेसेज: कोणी निघू नका.

२९ जुलै, सोमवार

मायक्रोकॉकस ल्युटियसच्या वाळवलेल्या पेशी पीएच ६.२ च्या फॉस्फेटमध्ये कालवल्या, ४५० नॅनोमीटरला वाचन ०.६५. लायसोझाइम घातलं की पेशीभित्ती फुटतात, गढूळपणा उतरतो, मिनिटाला ०.००१ उतरला की एक युनिट. १९२२ मध्ये फ्लेमिंगने लायसोझाइमची पहिली बातमी दिली ती याच जीवाणूवरून. प्लेटवर सर्दी झालेल्या नाकाचा शेंबूड टाकला आणि तिथल्या वसाहती विरघळल्या.

क्युव्हेट २५ अंशांवर हवी, खोली ३०. वॉटरबाथ गरम करता येतो, गार करता येत नाही. मामांनी चहावाल्याकडून बर्फ आणून दिला आणि थर्मामीटर धरून उभे राहिले. त्यांच्या नजरेखाली एकही वाचन २४.५ ते २५.५ च्या बाहेर गेलं नाही.

मिलीग्रॅममागे युनिट: कच्च्या पांढऱ्यात १,५००, पहिल्या स्फटिकांत ३४,०००, दुसऱ्यांत ४१,०००. म्हणजे २७ पट. कच्च्यात साडेतीन टक्केच लायसोझाइम असेल तर जास्तीत जास्त २८-२९ पटच शुद्ध करता येतं, त्यापुढे शुद्ध करायला काही उरतच नाही. एकूण २.६५ कोटी युनिटांपैकी १.१ कोटी हाती आली, म्हणजे ४२ टक्के. अर्थात पार्टनरच्या नळीत गेलेले चार मिलीलिटर त्यात नाहीत, हे ती दोनदा आठवण करून सांगते.

रेझिन? "परवा नक्की."

२ ऑगस्ट, शुक्रवार

'ब' ची कथा राहिली होती. बारा दिवस काही नाही. २२ तारखेला बाटलीच्या खांद्याला, जिथे काच आतून ओरखडली होती तिथे, चार-दोन ठिपके दिसले, बाकी पांढरं तसंच. मग त्यातही विरजण लावलं आणि २६ ला 'अ' सारखाच रेशमी थर बसला. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना हे प्रात्यक्षिक द्यायचं ठरलं तर एक आठवडा पुरेल, फक्त विरजण आधी तयार हवं आणि हायड्रॉक्साइड मुलांच्या हाती पातळ करूनच द्यायचं.

'ब' चे स्फटिक आज धुऊन ५ टक्के मिठात, ९.५ ला, छोट्या बाटलीत भरले. रविवारी गटारी. फ्रिजमध्ये मुलं काय काय आणून कोंबतील सांगता येत नाही, म्हणून वरच्या कप्प्यात मागे ठेवलं. मामांनी चिठ्ठी स्वतः लिहून चिकटवली: विरजण. प्रकल्पाचे आहे. टाकू नये. खाऊ नये.